पशुखाद्यासाठी आणि माणसांच्या खाण्यासाठी प्रोबायोटिक जिवाणू: एकच स्ट्रेन दोन्हीकडे चालेल का, आणि तो कसा विकसित करायचा?

प्रश्न असा आहे: निरोगी कोंबड्यांच्या आतड्यांतून आणि आंबवलेल्या पदार्थांतून लॅक्टिक आम्ल बनवणारे तीसेक जिवाणू वेगळे केले आहेत. त्यांतले काही साल्मोनेला या रोगकारक जिवाणूच्या प्लेटवर छान स्वच्छ वर्तुळं देतात, म्हणजे त्यांच्याभोवती साल्मोनेला वाढत नाही. यांतून कोंबडीखाद्यासाठी आणि माणसांच्या खाण्यासाठी प्रोबायोटिक, म्हणजे आरोग्याला लाभ देणारे जिवंत जिवाणू असलेलं उत्पादन, बनवायचं आहे. पुढे काय करायचं, आणि एकच स्ट्रेन (एकाच प्रजातीतला विशिष्ट वाण) दोन्हीकडे वापरता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यावर अवलंबून आहे. एकच स्ट्रेन दोन्हीकडे सहसा चालत नाही. पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्यांचं, खाद्य बनवताना कंडिशनर नावाच्या यंत्रात वाफ सोडून भरडा साधारण ७५ ते ८५ अंश सेल्सिअसवर नेतात, अर्ध्या मिनिटापासून काही मिनिटांपर्यंत तिथे ठेवतात आणि मग डायमधून (छिद्रांच्या साच्यातून) दाबतात. तिथे घर्षणाने तापमान आणखी चढतं. या ओल्या उष्णतेत लॅक्टोबॅसिलस (लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्यांतला मुख्य गट) तग धरत नाही. चरबीचा किंवा अल्जिनेटचा लेप दिला तर काही जिवाणू वाचतात, पण बॅचगणिक इतका फरक पडतो की त्या आकड्यावर लेबल छापणं धोक्याचं आहे. बॅसिलस या वेगळ्या गटाचे बीजाणू, म्हणजे त्या जिवाणूंची टणक सुप्त रूपं, मात्र यातून बहुतांशी सुखरूप बाहेर येतात.

म्हणून सुरुवात शेवटाकडून करा. जिवाणू कोणाच्या पोटात, कशातून, किती महिने साठवल्यावर आणि किती संख्येने पोहोचायला हवा, हे आधी एका पानावर लिहून काढा. पेलेट असेल तर बीजाणू बनवणारा बॅसिलस घ्या, नाहीतर थंड झालेल्या पेलेटवर फवारणीची सोय करा. भरड खाद्य, वासरांच्या दुधाला पर्यायी भुकटी किंवा पिण्याचं पाणी, या मार्गांत लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस या दुसऱ्या लॅक्टिक जिवाणूला जागा आहे. पाण्यातून देताना क्लोरीनचा विचार करावा लागतो: आधी सोडियम थायोसल्फेट किंवा साय काढलेल्या दुधाची भुकटी टाकून क्लोरीन निष्क्रिय करायचा, मग जिवाणू मिसळायचे. माणसांसाठी फ्रिजमधलं दही, कोरडी भुकटी, कॅप्सूल आणि भाजलेला पदार्थ यांच्या अडचणी पूर्ण वेगळ्या आहेत. भाजलेल्या पदार्थात बॅसिलस कोॲग्युलन्ससारखा बीजाणूधारीच घ्यावा लागतो.

तुमच्याकडचे तीस जिवाणू माणसांच्या बाजूला आणि पेलेट नसलेल्या खाद्यासाठी ठेवा. पेलेटसाठी नव्याने वेगळे करा: नमुना खारट पाण्यात कालवून ८० अंशांवर १५-२० मिनिटं धरायचा, म्हणजे वाढीच्या अवस्थेतले जिवाणू मरतात आणि बीजाणू उरतात, मग साध्या न्यूट्रिएंट अगारवर (जिवाणू वाढवायच्या घट्ट माध्यमावर) पसरायचा.

आता त्या वर्तुळांबद्दल. लॅक्टिक जिवाणू वाढवायच्या एमआरएस माध्यमात लिटरला २० ग्रॅम ग्लुकोज असतं. तेवढ्या साखरेवर कोणताही लॅक्टोबॅसिलस पीएच ४ च्या आसपास आणतो आणि साल्मोनेला त्या आम्लानेच मागे हटतो. खात्री करायची तर वाढलेल्या माध्यमातून पेशी काढून टाका, द्रवाचा पीएच सोडियम हायड्रॉक्साइडने ६.५ वर आणा, कॅटलेज हे एन्झाइम घालून हायड्रोजन पेरॉक्साइड मोडून काढा आणि पुन्हा तपासा. बहुतेक वर्तुळं इथेच नाहीशी होतात. उरलेली वर्तुळं प्रथिनं तोडणारं प्रोटिनेज के घातल्यावर गेली, तर बॅक्टेरिओसिनचा, म्हणजे जिवाणूने बनवलेल्या मारक प्रथिनाचा, संशय घ्या. पण लॅक्टिक जिवाणूंचे बॅक्टेरिओसिन साल्मोनेला, ई. कोलाय यांच्या बाहेरच्या पडद्यामुळे त्यांच्यावर फारसे चालत नाहीत, लिस्टेरिया आणि क्लॉस्ट्रिडियमवर चालतात. आम्ल निरुपयोगी आहे असं नाही, कोंबडीच्या गळपिशवीत ते काम करतं. फक्त तीसांतून तीन निवडण्यासाठी वर्तुळाची रुंदी हा निकष धरू नका.

निवड करताना जी चाचणी स्वस्त आहे आणि नापास झाल्यास स्ट्रेन कायमचा बाद करते, ती आधी. पहिलं काम म्हणजे पुनरावृत्ती काढणं. आरएपीडी किंवा रेप-पीसीआर या डीएनएचे ठसे काढणाऱ्या पद्धतींचे पट्टे शेजारी ठेवले की तीस जिवाणूंमधले सात-आठच वेगळे स्ट्रेन निघणं अगदी नेहमीचं आहे. मग त्या सात-आठांचा पूर्ण जनुकक्रम काढा. हे काम शेवटी करायची जुनी सवय आहे आणि ती महागात पडते, कारण सुरक्षिततेचे बहुतेक निर्णय याच फाइलवरून होतात. फक्त १६एस या ओळखीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका जनुकावर ओळख पटवू नका. लॅक्टोबॅसिलसमधली प्लँटेरम आणि पेंटोसस, केसाय आणि पॅराकेसाय, तसंच बॅसिलस सबटिलिस आणि व्हेलेझेन्सिस ही जोडपी १६एसवर नीट वेगळी होत नाहीत. संपूर्ण जनुकक्रमाची सरासरी न्यूक्लिओटाइड समानता ९५-९६ टक्क्यांच्या वर आली तर प्रजात एक धरतात. कागदपत्रांत नावं नवी वापरा: २०२० मध्ये जुनी लॅक्टोबॅसिलस ही जीनस (प्रजातींचा गट) २५ जीनसांत विभागली गेली, त्यामुळे ऱ्हॅमनोसस आता लॅक्टिकेसिबॅसिलसमध्ये, प्लँटेरम लॅक्टिप्लँटिबॅसिलसमध्ये आणि रियुटेराय लिमोसिलॅक्टोबॅसिलसमध्ये आहे. ॲसिडोफिलस होता तिथेच आहे.

जनुकक्रम हाती आला की प्रतिजैविक प्रतिरोधाची जनुकं शोधा. रेसफाइंडर आणि कार्ड हे अशा जनुकांचे दोन्ही संग्रह वापरा, एकावर थांबू नका. सोबत प्रत्यक्ष किमान अवरोधक मात्राही (जिवाणूची वाढ थांबवणारी प्रतिजैविकाची सर्वांत कमी मात्रा) मोजा. लॅक्टोबॅसिलससाठी ही मोजणी साध्या म्यूलर-हिंटन माध्यमात होत नाही, कारण तिथे ते नीट वाढतच नाहीत. आयएसओ १०९३२ मध्ये दिलेलं मिश्र माध्यम, म्हणजे ९० टक्के आयसो-सेन्सिटेस्ट आणि १० टक्के एमआरएस, घ्यावं लागतं. निकाल युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मर्यादांशी ताडून पाहतात. यात दोन गोष्टी नवख्याला घाबरवतात. बऱ्याच लॅक्टोबॅसिलसांना व्हॅन्कोमायसिन लागू पडत नाही. त्यांच्या पेशीभित्तिकेची रचनाच तशी आहे आणि तो प्रतिरोध दुसऱ्या जिवाणूकडे जात नाही, म्हणून तो चालतो. दुसरीकडे टेट-डब्ल्यूसारखं टेट्रासायक्लिन प्रतिरोधाचं जनुक प्लास्मिडवर, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या सुट्या वर्तुळावर, बसलेलं सापडलं तर ते प्रकरण गंभीर आहे. रियुटेरायच्या एटीसीसी ५५७३० या बाजारात असलेल्या स्ट्रेनमध्ये टेट्रासायक्लिन आणि लिंकोमायसिन प्रतिरोधाची जनुकं दोन प्लास्मिडांवर होती. ते दोन्ही प्लास्मिड काढून टाकून डीएसएम १७९३८ हा स्ट्रेन तयार केला गेला आणि आज तोच वापरात आहे. इतकी मेहनत गाजलेल्या स्ट्रेनसाठी परवडते. तुमच्या तीसांतल्या एकासाठी नाही, तो सरळ बाद करा.

बॅसिलसच्या बाजूला विषजनुकं महत्त्वाची: एनएचई, एचबीएल, सायटोटॉक्सिन के आणि सेरियुलाइड बनवणारं सीईएस. अन्नविषबाधा करणाऱ्या बॅसिलस सेरियसच्या गटातला जिवाणू कितीही गुणी वाटला तरी मी तो घेणार नाही. टोयोई नावाचा या गटातला एक स्ट्रेन पशुखाद्यात अनेक वर्षं वापरला जात होता. टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल प्रतिरोधाच्या प्रश्नावरून २०१३ मध्ये युरोपीय संघाने त्याची परवानगी स्थगित केली. बाकीच्या बॅसिलसांनाही व्हेरो पेशींवरची (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माकडाच्या पेशींवरची) विषारीपणाची चाचणी द्यावी लागते. एन्टेरोकॉकस फीशियम हा लॅक्टिक जिवाणू पशुखाद्यात चालतो, पण ॲम्पिसिलिनची किमान अवरोधक मात्रा लिटरला २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघाली किंवा आयएस१६, ईएसपी, एचवायएल यांपैकी एखादी जनुकीय खूण सापडली, तर तो रुग्णालयांत आढळणाऱ्या वंशाचा समजून सोडून द्यायचा. मेंढीच्या रक्ताच्या अगारवर बीटा हिमोलिसिस (रक्तपेशी फोडणं) आणि जैविक अमाइन बनवणारी डीकार्बोक्सिलेज एन्झाइमं, या दोन तपासण्याही याच टप्प्यावर उरका.

इथवर तीन-चार स्ट्रेन उरतात. त्यांची जठर आणि पित्ताची परीक्षा घ्या, पण नीट घ्या. एमआरएसचा पीएच २.५ करून त्यात जिवाणू टाकायचे ही सर्रास चालणारी पद्धत फसवी आहे. त्यातली प्रथिनं आम्लाला झेलतात आणि ग्लुकोज पेशींना प्रोटॉन बाहेर फेकायला ऊर्जा पुरवतं, त्यामुळे निकाल आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. पेशी दोनदा धुऊन घ्या, पेप्सिन घातलेल्या क्षारद्रावणात पीएच ३ वर तीन तास ठेवा, मग ०.३ टक्के पित्तक्षार आणि पॅन्क्रिएटिन असलेल्या, पीएच ७ च्या द्रावणात चार तास. सुरुवात मिलिलिटरला १० कोटींच्या आसपास ठेवा आणि पेशी नेहमी एकाच वयाच्या घ्या. वाढ थांबलेल्या अवस्थेतल्या पेशी वेगाने वाढणाऱ्या पेशींपेक्षा आम्ल कितीतरी जास्त सोसतात, आणि दोन स्ट्रेनमधला 'फरक' बऱ्याचदा एवढाच असतो. शिवाय परीक्षा ज्याच्या त्याच्या पोटाप्रमाणे हवी. कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१-४२ अंश असतं, म्हणून ३७ अंशांवर छान वाढणारा स्ट्रेन ४२ वर मंदावतो का ते पाहा. रवंथ करणाऱ्या प्राण्यात जठराच्या आधी रुमेन (आंबवणीचा मोठा कप्पा) आहे, तिथे आधी रुमेनच्या द्रवातच जिवाणूचं काय होतं ते तपासावं लागतं. रियुटेरायचे वंश तर उंदीर, डुक्कर, कोंबडी, माणूस अशा यजमानांनुसार वेगळे झालेले आढळले आहेत. एकाचा स्ट्रेन दुसऱ्याच्या आतड्यात तसाच रुजेल असं गृहीत धरू नका.

निवडलेला स्ट्रेन लगेच बँकेत ठेवा: २० टक्के ग्लिसरॉलमध्ये, उणे ८० अंशांवर, मूळ बँक आणि तिच्यापासून बनवलेली कामाची बँक अशा दोन पातळ्यांवर. प्रत्येक उत्पादन कामाच्या बँकेतल्या ताज्या कुपीपासून सुरू करा. मागच्या बॅचचं थोडं विरजण पुढच्या बॅचला लावत गेलात तर स्ट्रेन हळूहळू बदलतो. ऱ्हॅमनोसस जीजीसारख्या जगभर अभ्यासलेल्या स्ट्रेनच्याही काही उत्पादनांत आतड्याला चिकटण्याचे धागे बनवणारा जनुकांचा तुकडाच गळून गेल्याचं २०१३ मध्ये दाखवलं गेलं. डबीवर नाव तेच होतं, आत मूळ स्ट्रेनचा तो गुण उरला नव्हता.

फर्मेंटरमध्ये (जिवाणू वाढवायच्या टाकीत) एमआरएस नेऊ नका. त्यातला मांसाचा अर्क खाद्यात नको असतो आणि किंमतही झेपत नाही. यीस्ट अर्क, वनस्पतिजन्य पेप्टोन, ग्लुकोज किंवा लॅक्टोज, थोडं मॅग्नेशियम आणि लिटरला ०.०५ ग्रॅम मँगनीज सल्फेट, इतक्यावर बहुतेक लॅक्टोबॅसिलस वाढतात. मँगनीज विसरलात तर प्लँटेरम अर्ध्यावर अडकतो, कारण ऑक्सिजनच्या माऱ्यापासून बचावासाठी तो त्यावरच विसंबून असतो. पीएच ५.८ ते ६.२ च्या दरम्यान अमोनिया किंवा सोडियम हायड्रॉक्साइडने धरा. बिफिडोबॅक्टेरियम (बिफिडो) या दुसऱ्या प्रोबायोटिक जिवाणूला ०.०५ टक्के सिस्टीन आणि वर नायट्रोजनचं आवरण लागतं. साखर संपत आली, वाढ नुकतीच थांबली, की लगेच काढा. आधी काढलेल्या पेशी सुकवताना मरतात, आणि फार उशीर केला तर त्या टाकीतच मरू लागतात.

सुकवणं हा सगळ्यात निसटता टप्पा आहे. सेंट्रिफ्यूजने घट्ट केलेल्या पेशी एकदा धुवा. न धुतल्यास माध्यमातले लॅक्टेटचे क्षार भुकटीत राहतात, ते मिश्रणाचं काच-संक्रमण तापमान (ज्याच्या वर सुकलेला माल मऊ पडतो ते) खाली ओढतात आणि भुकटी पुढे ओलावा शोषते. मग ५ ते १० टक्के ट्रेहॅलोज किंवा साखर आणि १० टक्के साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळा. दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठीच्या उत्पादनात दुधाऐवजी माल्टोडेक्स्ट्रिन घाला. हे मिश्रण उणे ४५ अंशांपर्यंत गोठवा आणि १० ते २० पास्कल दाबाखाली सुकवा. पहिल्या सुकवणीत थाळीचं नव्हे, मालाचं तापमान पाहा. साखरेच्या द्रावणाचा ढाचा उणे ३२ अंशांच्या आसपास मऊ पडतो. माल त्याच्या वर गेला की वडी, म्हणजे सुकत असलेला मालाचा थर, बसते: ती आकसून कडा सोडते, तळाला काचेसारखी चमकदार, चिकट खपली दिसते. अशी वडी मोजणीला त्या दिवशी बरी निघेलही, पण तिच्यात पाणी अडकलेलं असतं आणि दोन महिन्यांत ती साथ सोडते. चांगली वडी ओतलेल्या द्रवाएवढीच जागा व्यापते आणि बोटाने दाबली की कोरड्या भुशासारखी मोडते. दुसरी सुकवणी २५-३० अंशांवर करून जल-क्रियाशीलता (मालातल्या मोकळ्या पाण्याचं माप) ०.१५ च्या जवळ आणा, ०.२ च्या वर माल पुढे पाठवू नका. चांगल्या भुकटीत ग्रॅमला १०० अब्जांच्या वर जिवंत पेशी मिळतात.

पुढची चूक इथेच घडते. ही भुकटी साध्या स्टार्चमध्ये पातळ करतात. स्टार्चमध्ये सहज १०-१२ टक्के ओलावा असतो, तो भुकटी ओढून घेते आणि दोन महिन्यांत जिवंत संख्या कोसळते. वाहक आधी वेगळा सुकवून त्याचीही जल-क्रियाशीलता ०.२ च्या खाली आणलीच पाहिजे. पाकीट ॲल्युमिनियमचं, आत शक्यतो नायट्रोजन.

बॅसिलसची गोष्ट वेगळी. त्याला हवा हवी आणि शेवटी उपासमार हवी. साखर आणि नायट्रोजन संपले की तो बीजाणू बनवतो, मँगनीज आणि कॅल्शियम असेल तर जास्त चांगले. एक नमुना तसाच आणि एक ८० अंशांवर १० मिनिटं तापवून मोजा. दोन आकडे जवळजवळ सारखे आले, म्हणजे ९० टक्क्यांच्या वर बीजाणू झाले, की टाकी रिकामी करा. त्रास फेसाचा होतो, कारण सबटिलिस सरफॅक्टिन हा साबणासारखा पदार्थ बनवतो. फेसरोधक ओतत गेलात तर ऑक्सिजन विरघळणं मंदावतं आणि बीजाणू उशिरा होतात, म्हणून टाकी ६० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका. मध्येच गढूळपणा अचानक उतरला तर फेजचा (जिवाणू मारणाऱ्या विषाणूचा) संशय घ्या आणि टाकीसोबत हवेचे फिल्टरही तपासा. बीजाणू स्प्रे ड्रायरमध्ये सुकवता येतात, फ्रीज ड्रायरचा खर्च वाचतो.

मोजणीत लोक जितके फसतात तितके कुठेच फसत नाहीत. सुकलेली पेशी थंड पाण्यात टाकली तर तिचा पडदा फाटतो. एक ग्रॅम भुकटी ९९ मिलिलिटर पेप्टोन पाण्यात ३७ अंशांवर टाका, १५ ते ३० मिनिटं स्वस्थ राहू द्या, मग दोन मिनिटं नीट घुसळून साखळ्या मोडा. साखळीतल्या दहा पेशींची प्लेटवर एकच वसाहत उठते. प्रत्येक विरलीकरणाला नवी टिप, आणि २५ ते २५० वसाहतींच्या प्लेटच मोजा. प्लेट मोजणीत अर्धं-दुप्पट इतका फरक स्वाभाविक आहे, त्यामुळे तीन अब्जांचे दोन अब्ज दिसले म्हणून घट झाली असं लगेच म्हणू नका. तीन-चार महिन्यांच्या मोजण्यांची रेष पाहा.

खाद्यात मिसळण्याचा हिशेब सोपा आहे. भुकटीत ग्रॅमला १० अब्ज असतील आणि टनाला १०० ग्रॅम घातली, तर टनात १००० अब्ज, म्हणजे किलोला १ अब्ज. बॅसिलससाठी हा नेहमीचा आकडा. पण शंभर ग्रॅम सरळ टनात टाकले तर ते एका कोपऱ्यात राहतात. आधी १ किलो, मग १० किलो, मग पूर्ण बॅच असं वाढवत न्या. दहा ठिकाणचे नमुने मोजून विचलन गुणांक (नमुन्यांमधल्या फरकाचं सरासरीशी प्रमाण) १० टक्क्यांच्या आत आणा. पहिल्या दिवसाचं पिल्लू १०-१५ ग्रॅमच खातं, त्याच्या वाट्याला जिवाणू आलेच पाहिजेत. प्रीमिक्समध्ये (जीवनसत्त्वं-खनिजांच्या तयार मिश्रणात) कोलीन क्लोराइड, कॉपर सल्फेट, झिंक ऑक्साइड आणि फॉर्मिक आम्ल एकत्र असेल तर लॅक्टोबॅसिलस आठवड्यांत मरतो. मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन यांसारखी कॉक्सिडियाविरोधी औषधं ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंना मारतात, आणि लॅक्टोबॅसिलस, बॅसिलस त्यांतलेच. बीजाणू पाकिटात टिकेल, पण आतड्यात उगवल्यावर त्याच औषधाला सामोरा जाईल, म्हणून वापरातल्या मात्रेवर आधीच तपासा. पेलेटची खात्री करायची तर कंडिशनरच्या आधीचा भरडा, डायमधून निघालेला गरम पेलेट आणि थंड झालेला पेलेट, तिन्हींची मोजणी करा. गरम पेलेट गोळा केल्याबरोबर थंड करा, पिशवीत भरून ठेवलात तर तिथेही उष्णता काम करत राहते.

माणसांच्या दह्यात वेगळे शत्रू आहेत: आम्ल, ऑक्सिजन आणि विरजणातला बल्गारिकस हा जिवाणू. बल्गारिकस फ्रिजमध्येही आम्ल बनवत राहतो आणि पीएच ४.२ च्या खाली गेला की बिफिडो मरू लागतात. म्हणून कमी आम्ल करणारं विरजण घ्या आणि ४२-४३ ऐवजी ३७-४० अंशांवर लावा. बिफिडोंपैकी ॲनिमॅलिस उपप्रजात लॅक्टिस ऑक्सिजन आणि आम्ल बाकीच्या बिफिडोंपेक्षा बरं सोसतो, बाजारातल्या दह्यांत तोच इतका का दिसतो त्याचं कारण हेच. त्याच्या बऱ्याच स्ट्रेनमध्ये टेट-डब्ल्यू आहे, पण प्लास्मिडवर नव्हे, गुणसूत्रावर. दह्यात बिफिडो वेगळे मोजायला मुपिरोसिन हे प्रतिजैविक घातलेलं टीओएस अगार वापरतात. शेवटच्या तारखेला ग्रॅमला किमान १० लाख ते १ कोटी जिवंत हवेत. रोजचा डोस सहसा १ अब्ज किंवा जास्त.

परिणाम दाखवल्याशिवाय हे सगळं प्रोबायोटिक ठरत नाही. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केलेल्या व्याख्येत पुरेशा संख्येने घेतल्यावर यजमानाच्या आरोग्याला लाभ व्हावा ही अट आहे. कोंबड्यांच्या चाचणीत मोजणीचं एकक पक्षी नसतो, खुराडा असतो. दोन खुराड्यांत शंभर-शंभर पक्षी ठेवले तर तुमच्याकडे प्रत्येक गटाची एकच नोंद आहे, आणि आकडेशास्त्राने काही सिद्ध होत नाही. प्रत्येक उपचाराला किमान आठ-दहा खुराडे ठेवा. अतिस्वच्छ शेडमध्ये फरक दिसत नाही, आधीच्या पक्ष्यांच्या जुन्या गादीवर (जमिनीवर पसरलेल्या तुसावर) किंवा नियंत्रित संसर्गात दिसतो. माणसांत स्ट्रेन, डोस आणि अपेक्षित परिणाम आधी नोंदवून यादृच्छिक चाचणी करावी लागते, आणि निकाल त्या स्ट्रेनपुरता राहतो.

माणसांच्या बाजूला कोणाला देऊ नये हेही लेबलवर स्पष्ट लिहा. तीव्र स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांवरची नेदरलँड्समधली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात प्रोबायोटिक गटात १६ टक्के आणि दुसऱ्या गटात ६ टक्के रुग्ण दगावले. २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अकाली जन्मलेल्या बाळांना प्रोबायोटिक देण्याविरुद्ध इशारा दिला, कारण अशा एका बाळाच्या रक्तात उत्पादनातलाच जिवाणू सापडला होता आणि ते बाळ वाचलं नाही. जनुकक्रम निर्दोष असला तरी घेणारा गंभीर आजारी, प्रतिकारशक्ती ढासळलेला किंवा अकाली जन्मलेला असेल, तर हा जिवाणू त्याच्यासाठी सुरक्षित आहे असं तुमच्या प्रयोगशाळेतली कोणतीही चाचणी सांगू शकत नाही.